इलेक्ट्रिकलची पोरगी क्षेपणास्त्रात काय करणार? आणि साहेब झाल्यावर हातातला टेस्टर सुटतो का?

उद्यमनगरी_मामा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात माझं मोटरी भरायचं दुकान आहे, ३४ वर्षं झाली. शेतीपंप, गुऱ्हाळाची मोटर, फौंड्रीचा ब्लोअर, जे जळेल ते आमच्याकडं येतं. विजेतली माझी पदवी एवढीच.

भाची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दाजींचं म्हणणं, महावितरणची परीक्षा दे, ताराबाई पार्कात ऑफिस, घरचं जेवण, विषय संपला. पोरीनं अभ्यासाच्या टेबलासमोर क्षेपणास्त्रवाल्या डॉ. टेसी थॉमस यांचा फोटो चिकटवलाय आणि ‘मी डीआरडीओतच (सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेत) जाणार’ म्हणून बसलीय. रविवारी जेवताना बापलेकीची जुंपली. आक्का माझ्याकडं बघायला लागली आणि मी तांबड्या रश्श्यात मान घातली ती जेवण होईपर्यंत वर काढली नाही.

रात्री मग त्या बाईंबद्दल वाचलं. जन्म १९६३ चा, केरळातलं अलाप्पुळा. स्टेट बँकेकडून महिना १०० रुपयांचं शैक्षणिक कर्ज काढून त्रिशूरच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअरिंग, तेपण इलेक्ट्रिकलच. मग आपल्या पुण्यात, गिरीनगरच्या संस्थेत क्षेपणास्त्रांत एमई. १९८८ ला डीआरडीओ. पुढं ‘अग्नी-४’ च्या प्रकल्प संचालक, आणि २०१८ ला महासंचालक.

आता मला दोन गोष्टी कळत नाहीत. एक तर क्षेपणास्त्र म्हणजे नळकांडं आणि दारू. त्यात इलेक्ट्रिकलवाल्याचं काय काम? वायरिंग?

दुसरी गोष्ट जरा मनातली आहे. आमच्या ओळीत एक जण सोन्यासारखं वाइंडिंग करायचे. चार पोरं ठेवली, काचेची केबिन केली. आज त्यांना विचारा या स्टेटरला किती गेजची तार, तर पोराला हाक मारतात. खुर्चीत बसलेला कारागीर संपतो, असं माझं मत. मग एवढं शिकून शेवटी महासंचालक होऊन फायलीवर सह्याच करायच्या असतील तर महावितरण काय वाईट?

जाणकारांनी सांगावं. चेष्टा करणाऱ्यांनी आधी करून घ्यावी.

पांढरा_रस्सा | ९:५२

परवानगीबद्दल आभारी आहे. मामा, रस्सा तांबडा होता म्हणून पोरीनं अग्नी निवडला. पांढरा वाढला असता तर दूध संघात गेली असती.

बिंदूचौक | ९:५८

=)) वाचतोय.

ओव्हरलोड_रिले | १०:३१

मामा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दुकानातच पडलंय. सर्व्हो स्टॅबिलायझर आठवा. व्होल्टेज पडलं की सर्किटला कळतं, किती पडलं ते मोजलं जातं, छोटी मोटर कार्बन ब्रश सरकवते, व्होल्टेज जागेवर येतं. जास्त सरकला तर पुन्हा मागं. बघ, चूक मोज, दुरुस्त कर, परत बघ. आता व्होल्टेजच्या जागी क्षेपणास्त्राची दिशा ठेवा. जायरो आणि त्वरणमापक ‘आपण कुठं तोंड करून किती वेगानं चाललोय’ ते सांगतात, संगणक ‘कुठं असायला पाहिजे होतो’ त्याच्याशी ताडून बघतो, आणि अॅक्च्युएटर नोझल हलवून दिशा सुधारतो. हे सेकंदात कितीतरी वेळा.

या सगळ्याला मार्गदर्शन आणि नियंत्रण म्हणतात आणि हा इलेक्ट्रिकलच्या अभ्यासक्रमातल्या कंट्रोल सिस्टिम्सचाच मोठा भाऊ. बाईंचा विषय हाच. १५ नोव्हेंबर २०११ ला ‘अग्नी-४’ ची जी यशस्वी चाचणी झाली, तिच्यात रिंग लेझर जायरोवर चालणारी दिशादर्शन यंत्रणा होती. म्हणजे भोवरा फिरवण्याऐवजी प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट फिरवायचे आणि त्यांच्यातल्या फरकावरून वळण ओळखायचं.

तुमच्या कामाची आणखी एक गंमत सांगतो. क्षेपणास्त्र कोठारात वर्षानुवर्षं पडून असतं. साधी बॅटरी ठेवली तर तोवर मरून जाईल. म्हणून थर्मल बॅटरी वापरतात. तिच्यातलं इलेक्ट्रोलाइट म्हणजे घट्ट मीठ असतं, नेहमीच्या तापमानाला वीज वाहूच देत नाही. सोडायच्या वेळी आतली ठिणगी पेटते, मीठ वितळतं आणि लगेच पूर्ण वीज मिळते. आयुष्य मिनिटांचं. पण काम तरी मिनिटांचंच असतं.

उद्यमनगरी_मामा | १०:४७

स्टॅबिलायझरचं डोक्यात बसलं. त्या बॅटरीसारखे दोन कामगार माझ्याकडं होते. वर्षभर थंड, दिवाळीच्या बोनसला पेटायचे.

मी ऐकलंय की विमानात ५० सायकलचा करंट नसतो. खरंय का?

ओव्हरलोड_रिले | १०:५५

खरंय. विमानात साधारणपणे ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच पॉवरला ट्रान्सफॉर्मरची आणि मोटरची कोअर लहान पुरते. आकाशात किलोकिलोचा हिशोब. तुमच्या पाच एचपीच्या मोटरचं बिडाचं धूड घेऊन कोण उडणार?

मुद्देसूद | मंगळवार, सकाळी ७:१५

आरती ओवाळून झाली असेल तर थोडं कडू बोलतो. हलकं लढाऊ विमान, म्हणजे तेजस, १९८३ ला मंजूर, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ ला. अर्जुन रणगाडा मंजूर १९७४, सैन्यात आला २००४. त्याच्यासाठीचं कावेरी इंजिन १९८९ ला मंजूर, आणि तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. भाचीला फोटोसोबत या तारखाही भिंतीवर लावायला सांगा. वयाच्या २३ व्या वर्षी ज्या वस्तूवर काम सुरू करशील, ती चाळिशीतही ‘चाचणीच्या टप्प्यात’ असू शकते. हे ज्याला पचतं त्यानं जावं.

आणि खुर्चीबद्दल मामांशी सहमत. वर गेलं की अंदाजपत्रक, संसदीय प्रश्नांची उत्तरं आणि फीत कापायचे कार्यक्रम.

टाकळीचा_गनर | ८:०२

मी सैनिक टाकळीचा. तोफखान्यात २२ वर्षं काढली. मुद्देसूद, तुमच्या तारखा खोट्या नाहीत. उशीर झाला की त्याची किंमत आम्ही भरतो, हे मी तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. पण दुसरी बाजूपण ऐका.

कारगिलला आपल्याकडं शत्रूची तोफ हुडकणारं रडार नव्हतं. गोळा पडायचा, आणि तो आला कुठनं हे कानानं आणि अंदाजानं ठरवायचं. नंतर अमेरिकेकडनं रडारं घेतली, आणि त्याच्या मागोमाग बंगळुरूच्या एलआरडीईनं (डीआरडीओचीच रडारची प्रयोगशाळा) ‘स्वाती’ केलं. वरून येणारा गोळा हवेत पकडायचा, त्याची वाट उलटी मोजायची, तोफ कुठं बसलीय ते सांगायचं. आता हे काम दारूवाल्याचं का विजेवाल्याचं, तुम्हीच बोला.

पिनाका रॉकेट लाँचर पुण्याच्या एआरडीईचं, तीपण डीआरडीओचीच प्रयोगशाळा. ४४ सेकंदांत १२ रॉकेटं. ज्यानं ते सुटताना एकदा जवळनं बघितलंय त्याला परत तारखा आठवत नाहीत भावा.

मुद्देसूद | ८:२०

गनरसाहेब, तुमच्यापुढं बोलायची माझी टाप नाही. पण ‘कारगिलला नव्हतं’ हे वाक्य माझ्याच बाजूचं आहे, एवढं नोंदवून बसतो.

टाकळीचा_गनर | ८:२४

बसा. चहा घ्या.

लाइनमनचा_साहेब | ९:१०

सगळे महावितरणला ‘काय वाईट’च्या पंगतीत बसवायला लागलेत म्हणून लिहितो. मी तिथंच आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद, पंचगंगा घरात, उपकेंद्रं पाण्यात. पाणी उतरल्यावर ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायचं, पॅनेलमधला गाळ काढायचा, हीटर लावून रिले वाळवायचे आणि इन्सुलेशनचं रीडिंग घेतल्याशिवाय चार्ज करायचं नाही, आणि इकडं सगळं गाव बोंबलतंय ‘लाइट कधी?’. २०२१ ला पुन्हा तेच. घरचं जेवण म्हणालात ना? त्या दिवसांत बिस्किटं खाल्ली.

मामा, पोरीनं कुठं जायचं ते तिनं ठरवावं. पण आमच्याकडं टेस्टर सुटत नाही एवढं दाजींना बिनधास्त सांगा.

पांढरा_रस्सा | ९:१५

साहेब, तुम्हाला दंडवत. (आमच्या गल्लीतला डीपी गेला महिनाभर गुणगुणतोय, तेवढं बघता का? भैरवीतच गातोय.)

लाइनमनचा_साहेब | ९:१८

ग्राहक क्रमांक व्यनि करा.

करवीरकन्या | दुपारी १:३०

मूळची शुक्रवार पेठेतली, गेली ११ वर्षं बंगळुरूत विमानांच्या सुट्या भागांच्या एका खासगी कंपनीत, कंट्रोल्समध्येच. धागा वाचून दोन गोष्टी खटकल्या.

भाचा असता तर दाजींनी ‘घरचं जेवण’ हा मुद्दा काढला असता का? बाहेर जा, शिक, मेसचं खा, असं म्हणाले असते. टेसीबाईंचे यजमान नौदलात, त्यांची पोस्टिंग एकीकडं, बाई हैदराबादला, मूल लहान. ही कसरत त्यांनी केली म्हणून आपण कौतुक करतो, पण कसरत करावी लागते हेच आपण गृहीत धरून बसलोय. मी स्वतः मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला चाचणीच्या ठिकाणी होते. त्याचं कौतुक मला नको होतं, सासूबाईंनी त्या दिवशी फोनवर टोमणा मारला नसता तरी पुरलं असतं.

दुसरं, ‘खुर्ची म्हणजे सह्या’. हे मात्र अर्धंच खरं आहे. बाईंनी नोकरीत असतानाच ऑपरेशन्स मॅनेजमेंटमध्ये एमबीए केलं. का केलं असेल? अग्नीसारख्या प्रकल्पात मोटर एकीकडं बनते, नाकाचा भाग दुसरीकडं, दिशादर्शन तिसरीकडं. एकाचा उशीर झाला तर सगळं थांबतं. हे सांभाळणं हीसुद्धा इंजिनिअरिंगच आहे, फक्त सुटे भाग माणसांचे असतात. आणि महासंचालक झाल्यावर त्यांच्याकडं आलं एरोनॉटिकल सिस्टिम्स, म्हणजे विमानं, इंजिनं, पॅराशूट असा संसार. सगळी हयात क्षेपणास्त्रांत गेल्यावर पंचावन्नाव्या वर्षी नवा विषय शिकायचा. मला नाही वाटत ते काम नुसत्या सह्यांचं असेल.

बिंदूचौक | १:४१

+१. आणि त्यांच्या मुलाचं नाव तेजस आहे म्हणे. मुद्देसूद, हा तेजस तरी वेळेवर आला असेल.

मुद्देसूद | १:५०

हसलो. गुण दिले.

शिरोली_ओतकाम | ३:०५

माझी फौंड्री आहे. कोणासाठी ते लिहीत नाही, पण दहाएक वर्षांपूर्वी एका संरक्षण प्रकल्पाच्या हौसिंगचं काम घेतलं होतं. कास्टिंग फार मोठं नव्हतं, आमच्या हाताखालनं पंपाच्या, ट्रॅक्टरच्या हजार गेल्या असतील तसलीच एक. पहिल्या लॉटमधली निम्म्याहून जास्त एक्स-रेला नापास. बाहेरनं आरसा, आत ब्लो होल, म्हणजे हवेच्या पोकळ्या. आमचा मिस्त्री चिडला, ‘पंपाला चालतं ते यांना का चालत नाही?’

तिकडनं एक जण आला. साधा शर्ट, पायात सँडल. पहिला दिवस नुसता मोल्डिंगपाशी उभा. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हणाला, ‘रायझर इथनं काढून तिथं ठेवून बघूया का?’ आणि स्वतः वाळूत हात घातला. मिस्त्री त्याला तंबाखू द्यायला निघाला होता, मी डोळा मारून थांबवला. पुढचा लॉट सुधारला. तो माणूस प्रकल्पात बऱ्याच वरच्या जागेवर होता हे मला नंतर पत्रावरची सही बघून कळलं. आणि हो, तोसुद्धा इलेक्ट्रिकलचाच. ओतकाम त्याचा विषयच नव्हता.

पैसे मात्र १४ महिन्यांनी मिळाले. दर वेळी एक कागद कमी. त्यामुळं मामा, तुम्हाला उत्तर काय द्यावं मलाच कळंना. माणूस असा, आणि कारभार तसा.

उद्यमनगरी_मामा | ४:२०

ओतकामवाले, तुमचा किस्सा दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं म्हणालीत, त्या माणसाला तंबाखू द्यायला पाहिजे होती.

निवृत्त_प्राध्यापक | संध्या. ६:३०

मामांच्या प्रश्नाला एक जुना दाखला देतो. अमेरिकेत व्हॅनेवार बुश नावाचे गृहस्थ होऊन गेले, जन्म १८९०. पेशानं विद्युत अभियंता, एमआयटीत प्राध्यापक.

त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या लाइनमनसाहेबांचाच होता. लांबच्या तारांवर अचानक बिघाड झाला तर सगळं जाळं सावरतं की कोसळतं? ती समीकरणं हातानं सुटेनात, म्हणून दांडे, चकत्या आणि दातेरी चाकांचं एक गणकयंत्र बांधलं. १९३१ च्या सुमाराचा हा डिफरन्शियल अॅनलायझर. त्याआधी १९२२ मध्ये मित्रांबरोबर जी कंपनी काढली तीच पुढची रेथिऑन. तिचा सुरुवातीचा नावाजलेला माल म्हणजे रेक्टिफायर नळी. तिच्यामुळं रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालायला लागले.

जून १९४० मध्ये हे गृहस्थ युद्धासाठीच्या संशोधनाच्या संघटनेचा एका पानाचा प्रस्ताव घेऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटले. पाव तासाच्या आत मंजुरीची सही झाली. पुढच्या वर्षी त्यातून ओएसआरडी हे खातं उभं राहिलं. रडारवरचं प्रचंड काम, लक्ष्याजवळ आपोआप फुटणारा प्रॉक्सिमिटी फ्यूज, असं बरंच काही त्या छत्राखाली झालं. बुशनी यातलं एकही सर्किट स्वतः जोडलं नाही. त्यांनी ठरवलं ते हे की सरकारनं नव्या प्रयोगशाळा बांधत बसण्यापेक्षा विद्यापीठांना आणि कंपन्यांना कंत्राटं द्यावीत. आपल्याकडं १९५८ ला डीआरडीओ झाली तिची घडण वेगळी, स्वतःच्या प्रयोगशाळांची. कुठली बरी यावर मी तासभर बोलू शकतो, पण सौ. हाका मारत आहेत.

पांढरा_रस्सा | ६:३४

सर, एमआयटी म्हणजे कोथरूडचं का?

निवृत्त_प्राध्यापक | ६:५०

बाळ, तू माझ्या वर्गात मागच्या बाकावर होतास का?

मुद्देसूद | ७:०५

बुशकडं महायुद्ध होतं आणि हवा तेवढा पैसा. पाव तासात सही! आमच्या ओतकामवाल्यांना १४ महिने. तुलना कशी करायची सर?

गडहिंग्लजकर | रात्री १०:१०

दोन दिवस नुसता वाचत होतो. एका संरक्षण प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, इलेक्ट्रिकलचाच. कुठली ते विचारू नका, काय केलं तेही नको. चाललंय ते चांगलं चाललंय, एवढंच सांगायची सवय आहे.

आधी व्यवहाराचं. पदवीधर सायंटिस्ट ‘बी’ म्हणून लागतो. हल्ली गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर यादी लागते, मग मुलाखत. मूळ पगार ५६,१०० पासून. तिथून सी, डी, ई करत एचपर्यंत पायऱ्या. बढती जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते. ठरावीक वर्षं झाली की मंडळापुढं बसायचं आणि ‘यातलं तू स्वतः काय केलंस?’ याचं उत्तर द्यायचं. ‘आम्ही केलं’ म्हणणाऱ्याला तिथं घाम फुटतो. डिप्लोमा, आयटीआयवाल्यांची भरती वेगळी, सेप्टम या डीआरडीओच्याच भरती केंद्रामार्फत. मामा, तुमच्या दुकानातल्या पोरांनाही सांगून ठेवा.

आता खुर्ची. आमच्या बेंचवर एकदा सेन्सरच्या सिग्नलमध्ये घाण यायला लागली, हायड्रॉलिक पंप सुरू केला की हमखास. तीन आठवडे आम्ही फिल्टर बदलतोय, कार्ड बदलतोय, एकमेकांवर ढकलतोय. संचालक दुसऱ्याच कामाला त्या मजल्यावर आले होते. दारात उभं राहून ऐकलं आणि विचारलं, ‘शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलंय काय?’ केलं होतं (शील्ड म्हणजे केबलमधल्या तारांवरची जाळी). एक टोक सोडलं, घाण गेली. दोन अर्थमध्ये फरक पडला की शील्डमधूनच करंट फिरतो, हे आम्ही सगळे शिकलो होतो. आठवलं त्यांना.

पण खरं सांगायचं तर त्या अख्ख्या वर्षात संचालक बेंचपाशी दोनदाच दिसले. मग बाकीचा वेळ काय करत होते? हे मला मी स्वतः चाचणीच्या ठिकाणी जबाबदारीवर बसलो तेव्हा कळलं. उलटी गिनती चालू असते. एकेक गट ‘तयार’ सांगतो. समुद्रातली जहाजं जागेवर, हवामान जेमतेम, दिल्लीहून पाहुणे आलेले. आणि कोपऱ्यातला तीन वर्षं नोकरी झालेला पोरगा हळूच म्हणतो, ‘सर, एका रीडिंगबद्दल शंका आहे.’ मी थांबवलं. रीडिंग बरोबरच निघालं, दिवस वाया गेला, बोलणी खाल्ली. पण त्या पोराला कोणी काही बोलू नये म्हणून बोलणी मी खाल्ली. तो पुढच्या वेळीही शंका बोलून दाखवेल ना! खुर्चीचा माझ्या लेखी उपयोग एवढाच होता आणि तो मोठा होता.

‘अग्नी-३’ ची पहिली चाचणी ९ जुलै २००६ ला फसली. टेसी थॉमस तेव्हा त्या प्रकल्पाच्या सहयोगी संचालक होत्या. १२ एप्रिल २००७ ला ती यशस्वी झाली. मधल्या नऊ महिन्यांबद्दल कोणी फार लिहीत नाही. चूक कुठं झाली ते शोधायचं, आणि शोधताना लोक एकमेकांकडं बोट दाखवायला लागले तर ते थांबवायचं. ‘अग्नी-४’ चंही तसंच. त्याच्या आधीच्या रूपाची डिसेंबर २०१० ची चाचणी पडली होती, यश मिळालं ते वर्षभरानं.

मुद्देसूद, तुमच्या तारखांना माझं उत्तर नाही. थोडं कारण मात्र आहे. १९९८ च्या पोखरणनंतर निर्बंध आले तेव्हा तेजसच्या उड्डाण नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या लोकांना परत यावं लागलं. ते काम मग इथं पुरं केलं. वेळ गेलाच, पण त्यानंतर ते आपल्याला येतं. बाकीच्या उशिराला आमचीच कागदपत्रं जबाबदार आहेत. ओतकामवाल्यांची मी माफी मागतो, खातं कुठलंही असो.

खुर्चीचा भरवसा नसतो हेही भाचीला सांगा. अविनाश चंदर, आयआयटी दिल्लीचे, तेही इलेक्ट्रिकलचेच. १९७२ ला आले, अग्नी मालिकेचे शिल्पकार मानले जातात, संस्थेच्या सर्वोच्च पदावर पोचले. जानेवारी २०१५ मध्ये सरकारनं त्यांचा करार मुदतीआधीच संपवला.

शिरोली_ओतकाम | १०:२२

साहेब, माफी कसली. गडहिंग्लजला आलो की भेटतो.

मुद्देसूद | १०:३५

त्या पोराचा किस्सा वाचून गप्प बसलोय. आमच्या ऑफिसात शंका बोलून दाखवणाऱ्याची बदली होते.

करवीरकन्या | १०:४०

टेसीबाईंना २०२२ चा लोकमान्य टिळक पुरस्कार पुण्यात मिळाला. जिथं क्षेपणास्त्रं शिकल्या त्याच गावात. सहज आठवलं.

ग्राउलर | बुधवार, सकाळी ११:०५

नवीन सदस्य आहे. मी ती भाची.

मामानं न विचारता धागा काढला याबद्दल त्याच्याशी घरी बोलते. नाव ‘ग्राउलर’ घेतलंय कारण लहानपणी दुकानात त्यावर आर्मेचर ठेवून हॅकसॉचं पातं धरायला मामानं शिकवलं होतं. शॉर्ट असेल तिथं पातं थरथरतं. मला इलेक्ट्रिकल तिथनं आवडायला लागलं, फोटो नंतर आला.

गेट आणि महावितरण दोन्हीचे फॉर्म भरणार आहे, हे बाबांना शनिवारीच सांगितलंय. भांडण त्याच्यावर नव्हतंच. भांडण फोटो काढायचा की नाही यावर होतं. लाइनमनसाहेब, पुराचं तुम्ही लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते गप्प झाले. आता मला वाटतंय दोन्हीकडं जावं, म्हणजे पंचाईत वाढली.

गडहिंग्लजकर सर, कंट्रोलमधलं रूट लोकस मला येतं पण नायक्विस्टच्या आकृतीला अजून घाबरते. विचारलं तर चालेल का?

आणि मामा, कारागीर खुर्चीत बसला की संपतो ना? गेल्या वर्षी तू तीन पोरं ठेवलीस. वाइंडिंग आता तीच करतात. तू सकाळी जीएसटीचं बघतोस, दुपारी बाकी वसूल करायला कागलला जातोस आणि रात्री दहापर्यंत वही लिहितोस. तरी परवा त्या पोरानं भरलेली मोटर तू नुसता आवाज ऐकून परत उघडायला लावलीस. मग तू संपलास का?

पांढरा_रस्सा | ११:०७

विषय हार्ड! मामा, कुठं तोंड लपवताय, आज रस्सा पण नाही.

गडहिंग्लजकर | ११:२०

विचार बाळ. व्यनि नको, इथंच विचार. बाकीच्यांनाही घाबरू दे.

उद्यमनगरी_मामा | रात्री ९:१५

दुपारी वाचलं. वही बंद करून थोडा वेळ बसलो. पोरांना चहा सांगितला.

ती मोटर मी उघडायला लावली हे खरं. एका फेजचं एक कॉइल उलटं जोडलं होतं. त्या केबिनवाल्या शेजाऱ्याबद्दल मी लिहिलं ते जरा जास्तच झालं. उद्या त्यांच्याकडं जाऊन बसतो. त्यांच्याकडं पण जीएसटी असणारच.

रविवारी दाजींना मीच जेवायला बोलावलंय. फोटो भिंतीवरच राहील असं आक्कानं आधीच सांगून टाकलंय, त्यामुळं माझ्याकडं बोलायला काही उरलं नाही. पांढरा रस्सा करायला सांगितलाय, दूध संघाचं बघू काय होतंय.

गडहिंग्लजकर साहेब, तुमचं ते शील्डचं. माझं एक गिऱ्हाईक आहे, व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) मोटर चालवतात, स्पीडचं रीडिंग सारखं उड्या मारतंय. मी दोनदा मोटर तपासून दिली, मोटर चांगली आहे. त्या सेन्सरच्या केबलचं शील्डपण दोन्हीकडं अर्थ केलेलं असणार. उद्या सकाळी जाऊन एक टोक सोडून बघतो. पॉवर केबलचंपण सोडू का?

ओव्हरलोड_रिले | ९:२२

नको नको! ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या पॉवर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना पक्कं अर्थ असू दे. फक्त सिग्नलच्या केबलचं मोटरकडचं टोक सोडा. आणि दोन्ही केबली एकाच ट्रेमधून गेल्यात का तेही बघा.

उद्यमनगरी_मामा | ९:२५

एकाच ट्रेमधून गेल्यात. मीच टाकल्या होत्या.